लेकीकडं जेवायला

"आई, या महिन्यापासून ते किचन माझं," लेक फोनवर म्हणाली तेव्हा मी ओसरीवर ज्वारी पाखडत होते. सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "तुझं म्हणजे?"

"म्हणजे मी हेड. काय शिजणार, कोण शिजवणार, कोणतं ताट बाहेर जाणार आणि कोणतं न्हाई, सगळं मी ठरवणार. तू ये ना जेवायला."

मी म्हटलं, "येते."

फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, की अंबड तालुक्यातलं आमचं गाव कुठं आणि मालवणचा समुद्र कुठं. एक जेवण जेवायला कुणी एवढं जात नाही. पण 'येते' म्हणून बसले होते, आणि जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना शब्द पाळायला शिकवलं होतं. मी तिथल्या तिथं ठरवलं. जायचंच.

अडचण घरातच होती. आमचे यजमान तिच्याशी बोलत नव्हते.

लेकीनं बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जाते म्हटलं, तेव्हा यांनी हरकत घेतली नव्हती. मॅनेजमेंट म्हणजे खुर्चीत बसून सह्या करायचं काम, अशी यांची समजूत. पोरगी शिकली, नोकरीला लागली, आणि एका दिवाळीला घरी आली ती दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग घेऊन. यांनी तिचा हात धरून विचारलं, "हे काय गं?"

"तव्याचं हाय. लागतंच एखांद्या वेळी."

"तवा? तू तव्यावर काय करून राह्यली?"

"मासे भाजते, अण्णा. तेच काम हाय माझं."

यांनी तिचा हात सोडला. मग म्हणाले, "एवढं शिकून सैपाकच करायचा होता, तर घरची चूल काय वाईट होती?"

त्याच सुट्टीत तिला बघायला पाहुणे आल्ते. मुलगी काय करते, असं त्यांनी विचारलं. हॉटेलात आहे म्हटल्यावर त्यांनी एकमेकांकडं बघितलं, चहा संपवला आणि निघून गेले. आमच्याकडं बाईमाणूस हॉटेलात आहे म्हटलं, की ऐकणारा मनात काय काय उभं करतो ते मला सांगायला नको. यांनी लेकीला सांगितलं, नोकरी सोड. ती म्हणाली, "सोडणार न्हाई." आवाज चढवला नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून निघाली. तेव्हापासून तिचा फोन आला की हे उठून मोसंबीच्या बागेत जात. दोन दिवाळ्या तशाच गेल्या.

म्हणून त्या संध्याकाळी ताट वाढता वाढता मी सरळ सांगून टाकलं. "मी लेकीकडं जेवायला चाललेय. पुढच्या शनिवारी निघते. तुम्ही येताय का?"

"लेकीच्या घरचं पाणी पीत नसतेत."

"ते लग्न झालेल्या लेकीचं. हिचं अजून कुठं झालंय?"

"मंग तर बिलकुलच न्हाई," हे म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

मी पुन्हा विचारलं नाही. जालन्याहून पुणे आणि पुण्याहून मालवण, अशी तिकिटं काढली. तिकिटं मात्र दोन काढली. दुसरं वाया गेलं तर गेलं, असं मनाशी ठरवून टाकलं. बहिणीनं फोन करून सांगितलं, की नवऱ्याला सोडून एकटी समुद्रावर गेलीस तर लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना सांग, ती जेवायला गेली.

शनिवारी यांनी मला मोटरसायकलवर जालन्याला सोडलं. स्टँडवर गाडी लागलेली होती. मी चढले, खिडकीशी बसले. हे खाली उभे. कंडक्टर घंटी द्यायच्या बेतात असताना हे दाराशी आले आणि म्हणाले, "पुण्यात गाडी बदलायचं जमंल का तुला?"

मी आयुष्यभर एकटीनं बदल्यांच्या गावी गेले होते, ट्रेनिंगला गेले होते, निवडणुकीच्या ड्युटीवर कुठल्या कुठल्या वाड्यांवर पोचले होते. हे सगळं यांना बराबर माहीत होतं. मी म्हटलं, "जमायचं अवघड दिसतंय."

हे वर चढले. मोटरसायकल स्टँडसमोरच्या ओळखीच्या दुकानापुढं तशीच राहिली. तिची काळजी हे पुण्यापर्यंत करत होते. त्यापुढं झोप लागली.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो. लेकीनं गावात एका घरी माझी राहायची सोय केली होती, पण ती स्वतः भेटायला येऊ शकली नाही. रविवार, ती काम करते ते रिसॉर्ट भरलेलं. "दुपारी एक वाजता ये, टेबल ठेवलंय," एवढाच निरोप. वडील सोबत आहेत हे मी तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिचं कामात लक्ष राहिलं नसतं.

रिसॉर्टच्या दारात फुलझाडं, आत गवताची हिरवीगार पट्टी, आणि तिच्या टोकाला पाणी. खाडी जिथं समुद्राला मिळते तिथंच पाण्यावर लाकडी फळ्यांचा मोठा ओटा बांधलेला, वर माडाच्या झापांचं छप्पर, खाली टेबलं. भरतीची वेळ होती. फळ्यांच्या फटींतून खाली पाणी हलताना दिसत होतं. हे पहिल्या फळीवर पाय ठेवायला कचरले, मग विहिरीच्या काठावरून चालावं तसे जपून जपून आले. एवढं पाणी यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं होतं. बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "एवढं हाय, आणि सगळं खारं."

एका बाजूला बर्फाच्या ढिगावर मासे मांडलेले होते. सुरमई, पापलेट, बांगडे, लाल डोळ्यांचा तांबोसा, नांग्या बांधलेल्या कुर्ल्या. त्यांच्या मागं काचेची भिंत, आणि काचेपलीकडं किचन. तिथं मला लेक दिसली. पांढरा कोट, केस घट्ट बांधून टोपीत घातलेले. पाच-सहा जण तिच्या पुढ्यात ताटल्या सरकवत होते आणि ती एकेक बघून मान हलवत होती किंवा परत पाठवत होती. तिनं वर बघितलं. मी दिसले तशी हसली. मग माझ्या शेजारी कोण आहे ते तिला दिसलं. हातातली ताटली तिनं खाली ठेवली, कोटाला हात पुसले, आणि पुन्हा ताटली उचलली. बाहेर आली नाही.

यांनी टेबलाशी किचनकडं पाठ करून खुर्ची घेतली.

वेटर चाळिशीचा, मिशीवाला, तिथलाच माणूस. "काकी, शेफनी सांगितलंय, तुम्ही काही मागवायचं नाही. जेवण येईल."

"मला वरण-भात मिळंल का?" यांनी विचारलं.

वेटरनं एक क्षण यांच्याकडं बघितलं. आजूबाजूच्या सगळ्या टेबलांवर मासे. "मिळेल की," तो म्हणाला.

माझं माहेर गोदाकाठचं. लहानपणी नदीचा मासा घरात कायम असायचा. सासरी आल्यावर तो सुटला. यांच्याकडं सणासुदीला मटण व्हायचं, पण मासा म्हटलं की हे नाक मुरडायचे. यांना त्याचा वासच सहन व्हायचा नाही. त्यामुळं त्या दिवशी मी इतक्या वर्षांचं उट्टं काढायचं असंच ठरवून बसले होते.

आधी सोलकढी आली. यांनी वाकून बघितलं. "ताक गुलाबी कशानं झालं?" म्हटलं, ताक नाही, नारळाचं दूध आणि कोकम. एक घोट घेतला आणि पेला पूर्ण संपवला, पण चांगलं आहे असं काही म्हणाले नाहीत. मग तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं सुकं आलं, कवचांसकट. मग सुरमईचे तुकडे आले. यांच्यासाठी वेगळी ताटली होती, काटा काढून दिलेले मऊ तुकडे. यांनी ती ताटली बोटानं टेबलाच्या मध्यावर सरकवली. "मी न्हाई मागवलं हे." आणि वरण-भात कालवायला लागले.

मग माझ्यापुढं हळदीच्या पानात गुंडाळून भाजलेला अख्खा बांगडा आला. पान उघडलं आणि वाफेबरोबर असा काही वास सुटला की शेजारच्या टेबलावरच्या बाईनं मान वळवली. ओल्या हळदीचा, मिरीचा, जळक्या पानाचा. मी खायला लागले. हे भाताचे घास घेत होते, पण मध्येच थांबत होते. एकदा मागं वळून काचेकडं बघितलं. लेकीची पाठ होती.

"आण बघू इकडं. एक तुकडा," हे म्हणाले.

मी पान सरकवलं. काटे सांभाळा, असं म्हणायला तोंड उघडलं, तोवर यांनी पाठीकडचा मोठा तुकडा उचलून तोंडात टाकला होता, आणि मटणाचा चावावा तसा चावत होते. चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर बघितलं नव्हतं. दुसरा तुकडा घेतला. तिसरा घेतला. आणि थांबले.

"काय झालं?"

हातानंच 'काही नाही' केलं. पाणी प्यायले. भाताचा घास गिळला. पुन्हा पाणी. मग कपाळावर घाम आला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आवाज न करता खोकायचा प्रयत्न करत होते, लोकांना कळू नये म्हणून.

"काटा अडकला का?"

मान हलवली, 'नाही' म्हणून. आणि उठून कठड्याला धरून उभे राहिले.

मी हात वर करून वेटरला बोलावलं. "शेफला बोलवा. म्हणावं, वडिलांच्या घशात काटा अडकलाय."

ती धावत नव्हती, पण जल्दी आली. यांच्या खांद्याला धरून त्यांना उजेडाकडं तोंड करून खुर्चीत बसवलं. वेटरला म्हणाली, "काटे काढायचा लांब चिमटा, उकळत्या पाण्यात बुडवून आणा." मला म्हणाली, "आई, मोबाईलची बॅटरी लाव आणि इथं धर." मग वडलांकडं वळली.

"अण्णा, श्वास घेता येतोय ना?"

मान हलली.

"आ करा."

यांनी ओठ घट्ट मिटले. दोन दिवाळ्या जो माणूस तिच्याशी बोलला नव्हता तो आता बोलायलाच काय, तोंड उघडायलाही तयार नव्हता. डोळ्यांतून धार लागलेली, आणि जबडा आवळलेला. मला त्या अवस्थेतही राग आला.

"आ करा म्हणते ना!" लेक ओरडली.

सगळा ओटा गप्प झाला. चमचे थांबले. काचेपलीकडचे तिचे लोकही इकडं बघायला लागले. तो आवाज मला ओळखीचा होता. बागेत बैल उधळला की हे त्याच आवाजात ओरडायचे.

यांनी तोंड उघडलं.

मी उजेड धरला. लेकीनं एका हातानं त्यांची हनुवटी वर केली, दुसऱ्या हातात चिमटा. तिचा हात यांच्या डोळ्यांपासून वीतभरावर होता, बाह्या वर सारलेल्या, आणि त्यावरचे सगळे डाग, जुने तपकिरी आणि एक ताजा लाल. हे त्या डागांकडं बघत होते. दुसरीकडं बघायला जागाच नव्हती.

"हलू नका. दिसला. गिळू नका... गिळू नका म्हटलं... आला."

चिमट्याच्या टोकाला केसाएवढा काटा होता. तिनं तो पांढऱ्या रुमालावर ठेवला. यांनी रुमाल जवळ ओढून काटा निरखून बघितला.

"एवढासा?" आवाज फाटलेला होता, पण हे तिच्याशी बोलले होते.

"एवढासाच असतो. पाणी प्या. हळू. संध्याकाळपर्यंत दुखत राह्यलं तर डॉक्टरकडं जाऊ." ती उठली. किचनमधून कुणीतरी तिला खूण करत होतं, ताटल्या अडल्या होत्या.

"थांब," हे म्हणाले. "हे खायचं कसं, ते दाखव."

"अण्णा, आज नका खाऊ आता. घसा..."

"दाखव."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी बांगडा तिच्यापुढं सरकवला. तिनं काचेकडं बोट वर करून 'एक मिनिट' अशी खूण केली आणि टेबलाशी वाकली. बांगड्याच्या पाठीच्या रेषेवर बोट ठेवून दाबलं, मांस दोन बाजूंना सुटं केलं, आणि शेपटीकडून मधला काटा धरून अख्खा वर उचलला. "आता कडेचे बारके राह्यले. ते बोटांनी चाचपायचे. डोळ्यांनी न्हाई, बोटांनी. चाचपून झालं की मंग तोंडात." आणि गेली.

यांनी वरण-भाताची थाळी बाजूला सारली. बांगड्याचा उरलेला अर्धा भाग पुढं घेतला आणि चाचपायला लागले. मी पुष्कळ सांगितलं, की घसा सोलवटलाय, राहू द्या. ऐकलं नाही. एकेक काटा रुमालावर काढून ठेवत, घास घेताना दुखत होतं तरी गिळत, तो मासा यांनी संपवला. वेटर तीनदा येऊन गेला, पण ताटली उचलायची त्याला हिंमत झाली नाही. शेवटी यांनी बोट दाखवलं, टेबलाच्या मध्यावर सरकवलेल्या सुरमईकडं. "ती पण दे इकडं."

जेवणाची गर्दी ओसरल्यावर लेक बाहेर आली. टोपी काढलेली, कपाळावर टोपीचा वळ, एका हातात चहाचा कप. आमच्या टेबलाशी बसली. ओहोटी लागली होती. पाणी फळ्यांपासून खाली गेलं होतं आणि काठावरचा चिखल उघडा पडला होता.

यांनी काचेकडं एकदा मान वळवली. मग हे म्हणाले, "ते आतले सगळे तुझं ऐकतेत?"

"ऐकतात."

"गडीमाणसं बी?"

"गडीमाणसं बी. सुरुवातीला न्हाई ऐकायचे. आता ऐकतात."

लेकीनं कप खाली ठेवला. "अण्णा, फोन का न्हाई घेतला तुम्ही?"

मला वाटलं हे उठून जातील. पण समोर नुसतं पाणी होतं, बाग नव्हती. "मला वाटलं तू थकशील," हे म्हणाले. "थकली की येशील परत. मी बोलत राह्यलो असतो तर तुला बळ आलं असतं."

"मी थकते, अण्णा. रोज थकते. रात्री पाय एवढे सुजतात की चप्पल जात न्हाई. पण मी येणार न्हाई परत."

"दिसलं ते आज."

"तुम्हाला चालंल का?"

यांनी लगेच 'हो' म्हटलं नाही. मी त्यांना चांगलं ओळखते, 'हो' म्हणायला यांना कायम वेळ लागतो. पाण्याकडं बघत म्हणाले, "मला चालून न चालून तू थांबणार हाईस का?"

"न्हाई."

"मंग विचारती कशाला?" आणि तिचा हात उलटा करून त्या ताज्या लाल डागावर आपला अंगठा हलकाच ठेवला. "याला काय लावती?"

"मलम हाय."

"लाव बराबर. चिघळंल."

लग्नाचा विषय त्या दिवशी निघाला नाही. तो अजूनही सुटलेला नाही, आणि पाहुणे अजूनही चहा संपवून उठतात. फरक एवढाच, की आता विचारलं तर हेच आधी सांगतात, "पोरगी मासे रांधते, तिच्या हाताखाली माणसं हाईत," आणि समोरच्याच्या तोंडाकडं रोखून बघत राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक बंदरावर मासे घ्यायला जाणार होती. हे म्हणाले, मीही येतो. मग मीही गेले. होड्या वाळूला लागल्या होत्या, टोपल्या उतरत होत्या आणि बायका गोल करून बोली बोलत होत्या. बोलायची तऱ्हा वेगळी, पण यांना एक मिनिटात सगळं समजलं. जालन्याच्या मोंढ्यात मोसंबीच्या ढिगाभोवती जे चालतं तेच इथं चाललं होतं. सुरमईच्या एका टोपलीवर लेक बोली बोलायला लागली, समोर एक जाडजूड व्यापारी. दोघं चढत गेले. हे तिच्या पाठीशी उभं राहून कुजबुजत होते, "वाढव. वाढव. सोडू नको."

"अण्णा, गप बसा," ती मागं न बघता म्हणाली, आणि ती टोपली सोडून दिली.

"सोडली कशी? चांगला माल होता."

"वरचा चांगला होता." ती पुढच्या टोपलीकडं वळली, वाकली, माशाचे कल्ले उघडून बघितले, तळातला एक मासा ओढून काढला आणि तोही बघितला. हेही तिच्या शेजारी वाकले. मोसंबीच्या ढिगात हात घालून तळातलं फळ काढून बघायची यांची खोड मला माहीत होती. ही टोपली तिनं घेतली.

मासे बर्फाच्या पेटीत भरले. पेटी जड होती. लेकीनं एका बाजूची कडी धरली, दुसऱ्या बाजूची धरायला तिचा माणूस पुढं आला, पण तोवर यांनी ती धरली होती. दोघं ओल्या वाळूतून गाडीकडं निघाले. मी मागून चालत होते.

"उद्या किती वाजता यायचं असतं?" यांनी विचारलं.

"उद्या? हेच, उजाडल्यावर."

मी मागूनच म्हटलं, "अहो, गाडी आज संध्याकाळची आहे आपली."

हे थांबले नाहीत. पेटी तशीच धरून, मागं न बघता म्हणाले, "तिकीट बदलता येतं की न्हाई?"

मी म्हटलं येतं. पायातल्या चपला वाळूनं भरल्या होत्या. त्या हातात घेतल्या आणि स्टँडचा रस्ता विचारायला वर गावाकडं निघाले.